‘तो तसा आजारीच होता’

नोव्हेंबरातली पहाट होती. फज्रच्या अजानला अजून वेळ होता. मी उठून गॅसवर पाणी ठेवलं आणि मोबाईल वाजला. बर्मिंगहॅमहून भाचीचा फोन. इकडे साडेचार, म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. अशा अवेळी परदेशातून फोन आला की आधी मनात नको ते येतं. आपा? दुल्हाभाई?

“खाला, चिकू उठत नाहीये,” ती रडत रडत म्हणाली.

चिकू म्हणजे तिचा फेरेट. आपल्याकडे हा प्राणी कुणी फारसा पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सांगते. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा अम्मी म्हणाली, “हे तर मुंगूस!” दिसायला तसाच, पण तो मुंगसाच्या कुळातला नाही. आपल्या खाडीत दिसणाऱ्या उदाचा, म्हणजे पाणमांजराचा तो नातलग. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला. सशाच्या बिळात सोडून ससे बाहेर काढायला त्याचा उपयोग करत. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वेगळा करता आला, तोही फेरेटमुळेच. माणसाचा फ्लू त्याला होतो. आता तिकडे लोक तो घरात पाळतात. आपल्या कोकणातला उन्हाळा त्याला सोसणार नाही. तीस अंशांच्या आसपासच त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो.

रत्नागिरी-रायगडकडची बरीच कोकणी मुस्लिम घरं इंग्लंडात जाऊन राहिली, आपाचं सासर त्यातलंच. भाची तिथेच जन्मली, तिथेच वाढली. सोळा वर्षांची असताना तिने हा प्राणी हट्टाने घेतला आणि रंग बघून अम्मीने फोनवरूनच त्याचं नाव ठेवलं, चिकू. त्या रात्री तो पाच वर्षांचा होता. फेरेटचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं, म्हणजे तो आता उतारवयात आला होता. आणि आठ महिन्यांपासून आजारी होता.

आजाराचं नाव इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात बारीक गाठी होतात आणि त्या गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडत राहतात. रक्तातली साखर घसरते. फेरेटमध्ये तीन वर्षांच्या पुढे हा आजार खूप आढळतो. आमच्या घरात इन्सुलिन हा शब्द नवा नव्हता. अब्बांना चौदा वर्षं मधुमेह होता. अब्बांच्या शरीरात इन्सुलिन कमी पडायचं, चिकूच्या शरीरात ते जास्त व्हायचं. आजार उलटे, पण साखर एकदम खाली गेली की दोघांची अवस्था सारखीच होते. अशक्तपणा, थरथर, नजर एका जागी थिजलेली, आणि वेळ गेला तर फिट येऊन बेशुद्धी.

मी व्हिडिओ लावायला सांगितला. चिकू टॉवेलवर पडलेला, डोळे अर्धे उघडे, तोंडातून लाळ, मागचे पाय लुळे. फेरेट दिवसातले चौदा-पंधरा तास झोपतात, आणि झोप इतकी गाढ की उचलून घेतलं तरी मान लटकते. त्यामुळे संध्याकाळपासून घरात सगळे म्हणत होते, झोपलाय. पण झोपलेला फेरेट हलवल्यावर थोड्या वेळात जांभई देऊन उठतो. हा उठत नव्हता.

आजाराचं निदान झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एक कागद दिला होता. असं झालं तर काय करायचं, ते त्यावर लिहिलेलं. तो कागद भाचीने मला तेव्हा कौतुकाने वाचून दाखवला होता. आता तो कुठे ठेवलाय तेच तिला आठवेना. मला त्यातलं एक आठवत होतं, कारण अब्बांसाठी आम्ही तेच करायचो. मी म्हटलं, “बेटा, मध आण. कापसाच्या काडीवर थोडासा घे आणि हिरड्यांना चोळ. बोट घालू नको, दात बसतील. आणि तोंडात पाणी-दूध काही ओतू नको, ते फुप्फुसात जाईल.”

तिने केलं. आम्ही दोघी हजारो मैलांच्या अंतरावरून त्या इवल्याशा प्राण्याकडे बघत बसलो. काही मिनिटांनी त्याने जीभ फिरवली. मग मान उचलली. आणखी थोड्या वेळाने तो धडपडत पोटावर बसला. भाची हसली, रडली, त्याला छातीशी धरून बसली. मागून आपाचा आवाज आला, “अल्लाहचं शुक्र. चल, आता झोपा सगळे. सकाळी बघू. तो तसा आजारीच आहे ना, होणारच असं.”

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला फोन जड झाला. कारण हे वाक्य मी स्वतः एकदा म्हटलेलं आहे.

---

२०१७ चा मे महिना. सुट्टी होती म्हणून मी माहेरी होते. दुपारी जेवण झाल्यावर अब्बांना एकदम घाम फुटला. जीव घाबरतोय म्हणाले. छातीत दुखतंय असं काही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, शुगर कमी झाली असेल. लिंबाच्या सरबतात साखर जास्त घालून दिलं. ते थोडे सावरले. तासाभराने पुन्हा तेच. पुन्हा सरबत, वर दोन बिस्किटं. शेजारची चाची विचारायला आली तेव्हा मीच तिला सांगितलं, “काही नाही हो, त्यांचं शुगरचं नेहमीचंच आहे.”

कपाटात साखर मोजायचं यंत्र होतं. त्याच्या पट्ट्या महिन्यापूर्वीच संपल्या होत्या. आणल्या नव्हत्या, कारण आम्हाला वाटायचं की अब्बांची शुगर आता आम्हाला चेहऱ्यावरूनच कळते.

चार तास असे गेले. मगरिबच्या सुमाराला त्यांना श्वास घेता येईना तेव्हा आम्ही दवाखान्यात नेलं. तिथे कार्डिओग्राम काढला. हृदयविकाराचा झटका होता, आणि दुपारीच येऊन गेलेला. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या नसा बोथट होतात, त्याला झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घाम, घाबरेपणा, गळून जाणं एवढंच दिसतं, आणि शुगर कमी झाल्यावरही हेच दिसतं. तिसऱ्या दिवशी अब्बा गेले.

दुपारीच नेलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही, आणि आयुष्य किती हे आपल्या हातात नाही. पण ते चार तास आमच्या हातात होते. ते आम्ही एका वाक्यावर घालवले. मयतीला आलेल्या लोकांनीही तेच वाक्य आम्हाला परत दिलं, सांत्वन म्हणून. “काय करणार, ते तसे आजारीच होते.”

तेव्हापासून हे वाक्य मला टोचतं. ते खोटं नाही. अब्बा आजारी होतेच. चिकूही आजारी होता. पण हे वाक्य म्हटलं की माणसाचं डोकं विचार करायचं थांबतं. जुन्या आजाराचं नाव घेतलं की आपल्याला वाटतं, उत्तर मिळालं. खरं तर तेव्हा प्रश्नही विचारलेला नसतो.

---

त्या पहाटे मी भाचीला म्हटलं, “झोपायचं नाही. तो आजारी आहे हे तुला आठ महिने माहीत आहे. आज वेगळं काय झालं ते सांग.”

“म्हणजे?”

“औषध दिलंस?”

दिलं होतं. प्रेडनिसोलोन, सकाळ-संध्याकाळ, मापात.

“शेवटचं कधी खाल्लं?”

यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, दुपारी वाटी भरलेली तशीच होती. सकाळीही त्याने थोडंच खाल्लं होतं. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे जातं, म्हणून या आजारात त्याला दिवसभर थोडं थोडं मांसाचं खाणं द्यावं लागतं. दुपारपासून रात्री अकरापर्यंत पोट रिकामं, म्हणजे त्याच्यासाठी तो मोठा उपास झाला.

“का खाल्लं नाही?”

“माहीत नाही. कालपासून दात खातोय. तोंडावर पंजा मारतोय. पण खाला, ते तर त्याच्या आजाराचंच लक्षण आहे. कागदावर लिहिलं होतं.”

“शी कशी झाली?”

“थोडीशीच. बारीक, दोऱ्यासारखी.”

मी जनावरांची डॉक्टर नाही. उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवते. पण हे ऐकून एवढं मलाही कळलं की आजची साखर जुन्या आजाराने उतरली असेल, पण खाणं का सुटलं याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. शिवाय मध हा इलाज नव्हे. या आजारात गोड जास्त झालं तर त्या गाठी आणखी इन्सुलिन सोडतात आणि साखर पुन्हा खाली येते. म्हणूनच एरवी अशा फेरेटला गोड काही देत नाहीत. मधाने वेळ मिळतो, तोही थोडा. शुद्धीवर आल्यावर मांसाचं खाणं पोटात जावं लागतं. आणि तो खात नव्हता. भाचीने वाटी पुढे केली तर तोंड फिरवत होता.

“आत्ता डॉक्टरला फोन लाव,” मी म्हटलं. आपा मागून कुरकुरली. रात्रीची फी जबरदस्त असते. तिकडे प्राण्यांचे विमे मिळतात, पण आधीपासून असलेला आजार बहुतेक विम्यांत बसत नाही, अगदी आपल्या मेडिक्लेममध्ये नवऱ्या-बायकोची भांडणं होतात तसं. तिचंही चुकीचं नव्हतं. पण इंग्लंडात रात्री-अपरात्री तातडीची मदत मिळेल अशी सोय ठेवणं पशुवैद्यांवर बंधनकारक असतं. भाचीने फोन लावला. त्यांनी खाणं, शी, दात खाणं हे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, लगेच घेऊन या.

दवाखान्यात साखर मोजली तेव्हा २.१ आली. मी इकडे शाळेत निघण्याच्या गडबडीत होते. तिकडचं माप वेगळं, त्याला अठराने गुणायचं की आपलं माप येतं. गुणाकार केला, अडतीसच्या आत. निरोगी फेरेटची साखर नव्वदच्या पुढे असते. आणि ही मध दिल्यानंतरची. डॉक्टरांनी सलाईनमधून साखर सुरू केली. मग पोट चाचपलं, तर आत काहीतरी कठीण लागलं. फोटो काढला. आतड्यात अडथळा होता.

केसांचा गोळा. फेरेट अंग चाटतात, केस पोटात जातात, आणि वय झालेल्या फेरेटमध्ये त्याचा गोळा होऊन आतडं तुंबू शकतं. मळमळ होते, म्हणून लाळ, दात खाणं, तोंडावर पंजा. जुन्या आजाराचीही लक्षणं हीच. नवा आजार जुन्या आजाराच्या मागे लपून बसला होता. घरच्यांनी मध देऊन झोप काढली असती तर सकाळपर्यंत तो बहुधा राहिला नसता, आणि सगळे म्हणाले असते, तो तसा आजारीच होता.

---

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गोळा काढला, आणि पोट उघडलंच होतं तर स्वादुपिंडावर दिसल्या तेवढ्या गाठीही काढल्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी दोन वाटा समोर ठेवल्या होत्या. ऑपरेशन, नाहीतर शांतपणे झोपवणं. भाचीने मला विचारलं, खाला तू काय केलं असतंस? मला उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, “जे ठरवशील ते, आज त्याला काय झालंय हे कळल्यावर ठरवतेयस. हे पुरेसं आहे.”

माझं म्हणणं इथे थोडं उलगडून सांगते, कारण ही गोष्ट सांगितल्यावर तीन प्रकारचे आक्षेप मला ऐकायला मिळाले.

पहिला आक्षेप आमच्याच घरातला. एवढासा प्राणी, दीड किलोही वजन नाही, त्याच्यासाठी इतका खर्च? जगात माणसं उपाशी आहेत. हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो हसून उडवत नाही. ज्याची ऐपत नाही त्याने कर्ज काढून ऑपरेशन करावं असं मी सांगणार नाही. पण तहानलेल्या कुत्र्याला बुटात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट आपण मदरशात लहानपणापासून ऐकतो. तिथे कुणी विचारत नाही की ते पाणी एखाद्या माणसाला का नाही दिलं. शिवाय हा रस्त्यातला प्राणी नव्हता. आपण त्याला घरात आणलं, कोंडलं, आपल्या हातून खायची सवय लावली. तो स्वतःहून डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, दुखतंय हे सांगू शकत नाही. आपण आणलेल्या जिवाची जबाबदारी तो धडधाकट असेपर्यंतच, असा करार कुठे झाला होता? खर्च झेपत नसेल तर डॉक्टरला तसं सांगावं. वेदना थांबवणं, हाही इलाजच आहे.

दुसरा आक्षेप असा की आजार बरा होणारच नव्हता, मग ओढत का न्यायचं? यात एक गफलत आहे. जुन्या आजाराशी लढत राहणं आणि आज अचानक आलेल्या त्रासाकडे लक्ष देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लघवी तुंबली तर आपण नळी घालतोच ना? आता उपचार थांबवायचे, हा निर्णय काही वेळा योग्यही असतो. पण तो निर्णय घेणं वेगळं आणि काय झालंय हेच न बघता झोपायला जाणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मनाला मात्र फरक कळतो, आणि वर्षानुवर्षं कळत राहतो. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

तिसरा आक्षेप शहाण्या माणसांचा. प्रत्येक शिंकेला डॉक्टरकडे धावलं तर जगायचं कसं? खरं आहे. जुना आजारी घरात असला की रोज काहीतरी होतच असतं. पण मी धावायला सांगत नाहीये, विचारायला सांगतेय. आज वेगळं काय आहे? या प्रश्नाचं उत्तर “काही नाही, नेहमीसारखंच” असं आलं तर निश्चिंत राहा. पण ते उत्तर देण्यासाठी नेहमीसारखं म्हणजे काय, हे आधी माहीत असावं लागतं. आमच्या घरात तेच नव्हतं. अब्बांच्या आजाराचं नाव सगळ्यांना पाठ होतं, पण त्यांचा रोजचा दिवस कसा जातो याची नोंद कुणाकडे नव्हती.

शाळेतही हेच करतो आम्ही शिक्षक. एखादं मूल कच्चं आहे असा शिक्का एकदा बसला की त्याचे मार्क घसरले तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. माझ्या वर्गातला एक मुलगा सहा महिने शुद्धलेखनात मागे पडत चालला होता. मी म्हणत राहिले, तो तसा कच्चाच आहे. शेवटी कळलं, त्याला फळा दिसत नव्हता. चष्मा लागला. तो हुशार झाला असं नाही, कच्चाच राहिला. पण जेवढं त्याला जमत होतं तेवढं तरी जमायला लागलं. जुना शिक्का खरा असतानाही नवा त्रास असू शकतो, हे मला त्या मुलाने शिकवलं. पण घरी ते शहाणपण उपयोगी पडलं नाही, कारण घरात आपण शिक्षक नसतो, घाबरलेली माणसं असतो.

म्हणूनच मला वाटतं, अचानक आलेल्या संकटात काय करायचं ते संकटाच्या रात्री ठरत नाही. ते चांगल्या दिवसांत ठरतं. घाबरलेल्या माणसाला कागद सापडत नाही, नंबर आठवत नाही, मापं कळत नाहीत.

आपल्याकडे फेरेट नसले तरी मांजरं घरोघरी आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेलं म्हातारं मांजर, मूतखड्याचा त्रास असलेला बोका कुणाच्या ना कुणाच्या घरात असतोच. असा बोका लघवीला बसतोय, पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंब येत नाहीये, तर तो जुना त्रास म्हणून सकाळची वाट बघू नका. लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामोलची गोळी मांजराला देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी त्याला विष आहे. साखर कमी होण्याचा धोका असलेल्या कुठल्याही जनावराला फिट आली तर तोंडात काही ओतू नका, हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा, अंगावर पातळ कापड टाका आणि निघा. शुद्धीवर आलं तरी निघा. चालू असलेलं औषध, विशेषतः स्टिरॉइड, मनाने एकदम बंद करू नका.

आणि हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. आजाराचं नाव. औषधं कोणती, किती, किती वाजता. रोज किती खातो, किती झोपतो, शी-लघवी कशी, वजन किती. भाची आता दर रविवारी चिकूला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि ग्रॅममध्ये लिहायची. दिवसाचा नंबर, रात्रीचा नंबर, गाडी कुणाची. घरात कुणीही असलं तरी, अगदी पाहुणा असला तरी, त्याला तो कागद वाचून काम करता आलं पाहिजे. भाचीचा कागद होता, पण तो फक्त तिच्यापुरता होता, आणि त्या रात्री तीच गडबडून गेली होती.

---

चिकू ऑपरेशननंतर सात महिने जगला. चांगले सात महिने. सोफ्याखाली मोजे चोरून ठेवायचा, व्हिडिओवर अम्मीला बघून उड्या मारायचा. मग गाठी परत आल्या, जसं या आजारात बहुधा होतंच. औषध वाढवलं, पुरेनासं झालं. शेवटच्या दिवशी तो पुन्हा तसाच पडला तेव्हा भाचीने कागद काढला, मध लावला, वेळ लिहून ठेवली आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठला. त्यांनी सगळं तपासलं. आतडं मोकळं होतं, हृदय ठीक होतं. साखर मात्र वर येत नव्हती. त्याला त्रास होऊ नये एवढं औषध देऊन त्यांनी घरी पाठवलं, आणि रात्री तो तिच्या मांडीवर गेला.

तिचा फोन आला तेव्हा ती शांत होती. म्हणाली, “खाला, यावेळी तो जुनाच आजार होता. आम्ही विचारलं.”

मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

अम्मी आता बाहत्तर वर्षांची आहे. तिला रक्तदाब आहे, गुडघे आहेत, आणि गेल्या वर्षीपासून शुगरही. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, मराठीत आणि उर्दूत, कारण तिला उर्दूच नीट वाचता येतं. औषधं, वेळा, डॉक्टरचा नंबर, १०८, शेजारच्या मुलाच्या रिक्षाचा नंबर. यंत्राच्या पट्ट्यांवरची तारीख मी दर महिन्याला बघते. कागदाच्या सगळ्यात वर मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे. अम्मी त्यावरून माझी थट्टा करते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवते. दाखवू दे, चार घरांत तरी जाईल.

ती ओळ अशी आहे : आज वेगळं काय आहे?